वही मुलाची, मार आईचा

आमच्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद एका मोठ्या रजिस्टरमध्ये होते. त्यात ‘मारहाणीचे कारण’ असा एक रकाना आहे. तो आम्हीच आखलेला. दारू, संशय, माहेरून पैसे आण, मुलगीच झाली, भाजीत मीठ जास्त पडलं. आणि अधूनमधून एक नोंद असते, ‘मुलांच्या अभ्यासावरून’. ही नोंद मी माझ्या हाताने कितीतरी वेळा केली असेल. केली, आणि पुढच्या रकान्याकडे वळले. मनातल्या मनात मी तिला मिठाच्या शेजारी बसवलं होतं. मारणाऱ्याला निमित्त लागतं, ते कुठलंही चालतं, असं आपण शिबिरा-शिबिरांतून सांगत आलो. ते खोटं नाही. पण त्यामुळे त्या निमित्ताकडे नीट बघायचं राहून गेलं, हे मला आता कबूल केलं पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात एक बाई आली. मनगट सुजलेलं. सोलापुरात आमच्या वस्तीत बहुतेक बायका विड्या वळतात, तशी हीसुद्धा वळते. रोजच्या हजार विड्या घरी वळायच्या आणि कारखान्यात नेऊन द्यायच्या. त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला पडणार. मनगट दुखावलं म्हणजे मजुरी गेली, म्हणून ती आली होती. एरवी आली नसती, असं तिनेच सांगितलं. कारण विचारलं तर तिने पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. चौथीतल्या मुलाची मराठीची वही. पानापानावर लाल फुल्या, आणि खाली बाईंचा शेरा: ‘पालकांनी लक्ष द्यावे.’

नवरा यंत्रमागावर कामाला. शेरा त्याने दुसऱ्याकडून वाचवून घेतला आणि घरी येऊन हिला धरलं. “दिवसभर घरात बसून करतीस काय? पोराला दोन वळी लिवायला शिकवता येत न्हाईत?” दिवसभर घरात बसून ती काय करते, ते सूप तिच्या मांडीवर होतं तरी त्याला दिसलं नाही. ती स्वतः दुसरी शिकलेली. मला म्हणाली, “ताई, लेकरू तोंडानं सगळं सांगतंय बगा. पन लिवायला बसलं की हात थांबतो. मी मारलं, यांनी मारलं, मास्तरनी मारलं. आता कुनी मारायचं ऱ्हायलंय?”

मी ती वही ठेवून घेतली आणि रात्री चाळली. ‘घर’ च्या जागी ‘धर’, ‘भात’ च्या जागी ‘मात’. ‘रस्ता’ चं ‘रसता’. ‘पक्षी’ हा शब्द एकाच पानावर तीन वेळा, तिन्ही वेळा वेगळा. काही अक्षरं रेघेवर, काही हवेत, शब्दांमध्ये कुठे बोटभर अंतर तर कुठे अजिबात नाही. पेन्सिल इतकी दाबलेली की पाठच्या पानावर हात फिरवला तर अक्षरं लागत होती. आळशी मुलाची वही अशी नसते. आळशी मूल पान कोरं सोडतं. या पोराने प्रत्येक पान झुंजून भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून धड्यातली गोष्ट सांगायला लावली. त्याने ती सगळी सांगितली, कोल्ह्याचा आवाज काढून सांगितली. मग म्हटलं, यातली दोन वाक्यं लिही. पाच मिनिटांनी कागदावर अडीच शब्द होते आणि पोराच्या कपाळावर घाम.

याला डिसग्राफिया म्हणतात, मराठीत लेखन-अक्षमता. शब्द जड आहेत, गोष्ट साधी आहे. मुलाची बुद्धी ठीक असते, डोळे-कान ठीक असतात, शिकवलेलं समजतं, बोलता येतं. पण मनातला शब्द आवाजात फोडायचा, प्रत्येक आवाजाचं अक्षर आठवायचं, ते हाताने काढायचं, आणि हे चाललेलं असताना वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, या साखळीत कुठेतरी कडी अडते. कुणाची हाताच्या हालचालीत, कुणाची अक्षर आठवण्यात, कुणाची वाक्य जुळवण्यात. अनेकदा वाचण्याची अडचणही सोबत असते. मुलाच्या मेंदूची ती जन्मजात ठेवण असते. ती मारून जात नाही, आणि वय वाढलं की आपोआपही जात नाही. शिकवण्याची पद्धत बदलली तर मात्र मूल पुढे जातं.

आपली लिपीही या मुलांना सोपी नाही. ‘कि’ मध्ये आधी उच्चार क चा, पण वेलांटी त्याच्या डाव्या बाजूला. ‘सूर्य’ मध्ये र आधी ऐकू येतो, पण बसतो य च्या डोक्यावर. एकट्या र ची सोंगं बघा: क्र मध्ये एक, ट्र मध्ये दुसरं, र्क मध्ये तिसरं, ऱ्हा मध्ये चौथं. ह्रस्व-दीर्घ तर बोलताना आपण कुणीच धड पाळत नाही, फक्त वहीत पाळतो. त्यात आपल्याकडे गमभन शिकवायची रीत, म्हणजे सारख्या वळणाची अक्षरं एकाशेजारी एक. इतर मुलांना ते सोयीचं असेल. ज्याला म आणि भ मध्ये फरकच टिकत नाही, त्याच्यापुढे दोन्ही एकाच आठवड्यात ठेवले तर काय होणार? आणि या सगळ्याला आपण नाव देतो शुद्धलेखन. जो चुकला तो अशुद्ध. हा शब्द मला फार वर्षांपासून खटकतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

इथे एक सावधगिरी. प्रत्येक चुकणाऱ्या मुलाला ही अडचण असते असं मुळीच नाही. सोलापुरात पद्मशाली घरांमधून तेलुगू बोलतात, मूल मराठी शाळेत बसतं आणि दोन वर्षं चाचपडतं. ते अक्षम नसतं, त्याची भाषा शाळेला येत नसते. घरी ‘पानी’ म्हणणारं मूल वहीत ‘पानी’ लिहितं, तेही बरोबर ऐकूनच लिहितं. कुणाला फळा दिसत नसतो आणि चष्म्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. कुणी उपाशी असतं. कुठे शिक्षकच नसतात. आधी हे बघायचं. पण भाषा कळते, डोळे तपासलेत, शाळा नियमित आहे, तोंडी उत्तरं येतात, आणि तरी दोन-तीन वर्षं वही तशीच राहते, फळ्यावरचं उतरवून कधीच होत नाही, लिहायचं म्हटलं की पोटात दुखतं, तेव्हा थांबून विचार करायला हवा.

मी डॉक्टर नाही. मग स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या आपण यात का पडायचं? कारण मुलाच्या वहीचा जाब आईला विचारला जातो. पालकसभा म्हणजे आईसभा, हे आपल्याला माहीत आहे. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ यातला पालक शब्द नुसता व्याकरणापुरता. शिकलेली आई असेल तर ‘नोकरी करते म्हणून लक्ष नाही’. अडाणी असेल तर ‘तिलाच येत नाही, ती काय शिकवणार’. घरी असेल तर ‘घरात बसून करते काय’. एकूण काय, गुन्हेगार आधी ठरलेली असते, कलम नंतर शोधतात. वर ‘तुझ्याच घराण्यातलं आलं’ हेही असतंच. ही अडचण बऱ्याचदा घराण्यात असते, हे खरं आहे. पण घराणी दोन असतात.

त्या बाईच्या नवऱ्याला आम्ही रीतसर पत्र पाठवून बोलावलं. आला, गुर्मीतच आला. आमच्या पद्धतीप्रमाणे, पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून द्यायला सांगितलं, तर म्हणाला, चष्मा आणला नाही. तुम्ही लिहा, मी सही करतो. सही करताना तो नाव लिहीत नव्हता, चित्र काढावं तसं काढत होता. जरा वेळाने मी विचारलं, शाळा कितवीत सोडली? पाचवीत. का? बराच वेळ गप्प. मग म्हणाला, मास्तर बोटं जुळवायला लावून पट्टीच्या कडेनं मारायचे. मुलगा मान खाली घालून शेजारी बसला होता. बापाचं हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

त्या माणसाबद्दल मला वाईट वाटलं. पण बायकोचं मनगट त्याने पिरगाळलं होतं, ते मास्तरने नव्हे. पट्टीचा मार त्या वर्गात मुलींनीही खाल्ला असेल. त्यांनी मोठ्या होऊन कुणाची मनगटं पिरगाळली? तेव्हा लिहून घेतलं ते घेतलंच.

आता मुलींकडे येते.

वाचनाच्या अडचणींवरचा अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातला एक अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. शाळांनी अडचणीची म्हणून निवडलेल्या मुलांमध्ये मुलगे कितीतरी जास्त होते. पण संशोधकांनी स्वतः सगळ्यांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा मुलगे आणि मुली यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. लिहिण्याच्या बाबतीत मुलग्यांचं प्रमाण काहीसं जास्त असतं असंही काही अभ्यासक सांगतात. ते धरून चाललं तरी शाळेची नजर कुणावर जाते हा प्रश्न उरतोच. मुलगा अडला की दंगा करतो, बाक वाजवतो, म्हणून नजरेत भरतो. मुलगी अडली की गप्प बसते. गप्प मुलीबद्दल आपल्याकडे तक्रार कुणाची असते?

आमच्या वस्तीतली एक मुलगी आठवीत आहे. तिच्या वह्या मी पाहिल्या. देखण्या. समासाच्या रेघा आखलेल्या, अक्षर मोत्यासारखं. शाळेत तिचं कौतुक आहे, शांत आहे, नीटनेटकी आहे. पण ते सगळं शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवलेलं. नक्षी उतरवावी तसं ती अक्षर उतरवते. तू काल काय केलंस, दोन ओळी लिही, म्हटलं तर पहिल्या शब्दालाच थांबते. बोटं मात्र अशी चपळ की विडी वळण्यात आईला मागे टाकते. (तिने विड्या वळू नयेत हे मला कळतं. आईच्या एकटीच्या हातून हजार होत नाहीत, हे आईला कळतं.) तेव्हा हात चालत नाही म्हणून लिहिणं अडतं, असंही प्रत्येक वेळी नसतं. आठ वर्षं ही मुलगी रोज शाळेत गेली आणि एकाही माणसाला काही कळलं नाही. तिनेच कळू दिलं नाही.

आणि कळू न देण्याची मुदत संपत आली आहे. आठवीपर्यंत मूल पुढे सरकत राहतं. शिक्षण हक्क कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाल्यापासून पाचवी आणि आठवीतही अडवता येतं. तिथून सुटलेली पोर नववीत अडकते, कारण शाळेला दहावीचा निकाल सांभाळायचा असतो. मुलगा नववीत नापास झाला तर घरात शिकवणी लावायची का, गॅरेजमध्ये घालायचा का, अशी चर्चा होते. मुलगी नापास झाली तर स्थळं बघतात. बालविवाहाविरुद्ध आपण पथनाट्यं केली, मोर्चे काढले. पण नववीच्या मराठीच्या पेपरातून मांडवाकडे जाणारी ही वाट आपण कधी मोजली नाही.

कायदा आहे, हे आधी सांगते, कारण बऱ्याच शाळांना तो माहीत नसतो. अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यात या अडचणीचा उल्लेख नव्हता. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांची यादी आहे तीत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली, डिसग्राफिया त्यातच येतो. अशी मुलं लवकरात लवकर ओळखून त्यांच्यासाठी शिकवण्याची योग्य व्यवस्था करणं, हे त्याच कायद्याच्या 16 व्या कलमाने शाळांवर घातलेलं काम आहे. मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं याला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने बंदी आहे. आपल्या राज्याने तर दहावीच्या परीक्षेत या मुलांना 1996 पासूनच सवलती दिल्या. पुढे तपशील बदलत गेले, पण जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, अशा त्या सवलती. परीक्षांबद्दलच्या केंद्राच्या 2018 च्या सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ धरला आहे.

हे सगळं मिळायला प्रमाणपत्र लागतं, आणि खरी चाळण तिथे लागते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांसाठी वेगळं केंद्र आहे. आमच्याकडच्या त्या मुलाला ज्या सरकारी रुग्णालयात नेलं, तिथे तीन खेपा झाल्या. एकदा मानसतज्ज्ञ रजेवर, एकदा शाळेचं पत्र चुकीच्या नावाने, तिसऱ्यांदा चाचणी झाली ती निम्मी इंग्रजीतून. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी शब्द लिहायला लावून काय तपासणार होते, देव जाणे. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीतून घेता येईल अशी चाचणी तयार केली आहे. ती आमच्या वाट्याला आली नाही. प्रत्येक खेपेला आईच्या हजार विड्या बुडाल्या, त्या कुठल्या सवलतीत बसतात? ‘तारे जमीन पर’ 2007 साली आला तेव्हा आम्ही केंद्रात सगळ्यांनी रडत रडत पाहिला. त्यातलं घर मुंबईचं, शाळा इंग्रजी. विडी वळणाऱ्या आईचा मुलगा अजून पडद्यावर यायचाय.

आमच्या गटात यावरून वाद झाला आणि तो मिटलेला नाही. एक मैत्रीण म्हणाली, आयुष्यभर आपण बाईवरचे शिक्के पुसतोय, आणि आता पोरांच्या कपाळावर नवा शिक्का मारायचा? शाळेने शिकवायची पद्धत बदलावी, मुलाने प्रमाणपत्र का आणावं? तिचं म्हणणं तत्त्व म्हणून मला पटतं. पण त्या मुलाच्या कपाळावर ‘ढ’ हा शिक्का आधीपासून होताच, आणि तो आम्हाला न विचारता मारलेला होता. दोनांतला एक निवडायची वेळ आली, तर ज्याच्यासोबत तासाला 20 मिनिटं मिळतात तो मी घेईन.

हा वाद ऐकताना मला आणखी एक बाई आठवत होती. साधारण 1991-92 ची गोष्ट, साक्षरता मोहिमेचे दिवस. आम्ही विणकर वस्तीत संध्याकाळचा वर्ग घ्यायचो. त्यात एक तिशीची बाई होती. मोर्चाला पन्नास बायका गोळा करायची, घोषणा जागच्या जागी रचायची, भिशीचा हिशेब तोंडावर. वर्ष झालं तरी तिला स्वतःचं नाव लिहिता येईना. आम्ही काय केलं? सगळ्यांसमोर म्हटलं, “तू मनावर घेत नाहीस.” मीच म्हटलं. ती वर्गाला यायची थांबली, मग बैठकांना, मग मोर्चांनाही. तिला नेमकं काय होतं ते आज सांगता येणार नाही. पण पट्टीने मारणाऱ्या मास्तरात आणि माझ्यात त्या संध्याकाळी फार फरक नव्हता. सावित्रीबाईंचा फोटो भिंतीवर लावलेलाच होता.

आता शनिवारी दुपारी दोन तास आम्ही सात-आठ मुलं घेऊन बसतो. पत्र्याच्या ताटात रांगोळी पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं, काढताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा. एका वेळी एकच अक्षर. ते पक्कं झाल्याशिवाय त्याच्यासारखं दिसणारं दुसरं आणायचं नाही. मोठ्या चौकटीची वही. मजकूर मुलाने सांगायचा, आम्ही लिहून घ्यायचा, मग त्यातली एकच ओळ त्याने लिहायची. तपासताना गोष्टीला वेगळं आणि अक्षराला वेगळं शाबासकी द्यायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला काम करत होत्या, तेव्हा त्यांनी आदिवासी मुलांपुढे पाटी-पेन्सिलीच्या आधी दगड, पानं, बिया ठेवल्या. म्हणजे यात नवीन असं आम्ही काही शोधलेलं नाही. शाळेत दोन गोष्टी मागून घेतल्या: फळ्यावरचं सगळं उतरवायची सक्ती नको, आणि चाचणीत काही प्रश्न तोंडी विचारा. एका बाईंनी लगेच ऐकलं. एका सरांनी अजून ऐकलेलं नाही.

शनिवारच्या या कामाला बसतात त्या पुन्हा आमच्या गटातल्या मुली आणि आयाच, हे मला दिसतंय. म्हणून एक नियम केला, एक आड एक शनिवारी बापाने यायचं. आठांतले दोन आले. त्या मुलाचा बाप दोनदा आला, दुसऱ्यांदा त्याने ताटात स्वतः बोट फिरवून बघितलं, कुणी बघत नाही असं पाहून. मग आला नाही. मार थांबलाय, असं बायको सांगते. मी दर आठवड्याला विचारते.

मुलाचं प्रमाणपत्र चौथ्या खेपेला मिळालं. आठवीतल्या त्या मुलीच्या आईने मात्र नाही म्हणून सांगितलंय. “ताई, पोरीचा अपंगाचा कागद केला तर उद्या कोन करून घेईल तिला?” मी कायदा सांगितला, सवलती सांगितल्या, दहावी झाली तर काय काय करता येईल ते सांगितलं. ती ऐकत होती आणि विडीला दोरा बांधत होती. शेवटी म्हणाली, “तुमी म्हनता ते खरं असंल. पन तुमी काय माज्या दारात ऱ्हायाला येनार हाय का?” मला उत्तर सुचलं नाही. मुलगी आत बसून शेजारणीच्या वहीतून इतिहास उतरवत होती. आठवीची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. त्याआधी मी दोनदा तरी जाणार आहे, आणि पुढच्या वेळी आईशी नाही, आधी मुलीशी बोलणार आहे.